निंबळक ते हैदराबाद : सीमेवरच्या एका आडनावाचा प्रवास



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांना हजेरी घेताना विद्यार्थ्याच्या आडनावावर क्षणभर थांबण्याची सवय होती, असे त्यांचे विद्यार्थी सांगतात. ‘औसेकर म्हणजे औशाचे ना? मग औशाचा किल्ला पाहिलास का?’ असा प्रश्न ते करीत. बहुतेक मुलांनी तो पाहिलेला नसे. आजच्या व्याख्यानासाठी आडनावांचा विषय निवडला, याचे श्रेय म्हणूनच त्यांच्याकडे जाते. सर्व आडनावांचा विचार एका तासात होणे शक्य नाही. मी मुख्यतः एकाच आडनावाची कहाणी सांगणार आहे. ते आडनाव निंबाळकर. त्याच्या सोबतीला एक परदेशी आडनाव घेणार आहे, किर्कपॅट्रिक. एक सातारा जिल्ह्यातल्या खेड्यातून निघाले, दुसरे स्कॉटलंडच्या दक्षिण सीमेजवळच्या एका प्रार्थनामंदिरापासून. दोन्ही आपल्या या शहरात आली. इ.स. १७९५ मध्ये खर्ड्याच्या माळावर या दोहोंची गाठ पडली, ती कशी ते पुढे येईलच.

आरंभी ‘कर’ या प्रत्ययाविषयी थोडे बोलले पाहिजे. गावाच्या नावाला ‘कर’ लावून आडनाव करण्याची आपली रीत इतकी अंगवळणी पडली आहे, की तिच्यातला विरोधाभास आपल्याला जाणवत नाही. उदगीरमध्ये राहणाऱ्याला उदगीरात कोणी उदगीरकर म्हणत नाही. तेथे तो पाटील असतो, कुलकर्णी असतो, सुतार असतो, अमक्याचा मुलगा असतो. गावाबाहेर पाऊल टाकल्यावर तो उदगीरकर होतो. म्हणजे ‘कर’ लागलेले आडनाव वास्तव्याचा पुरावा नसून स्थलांतराचा पुरावा आहे. ज्या गावाचे नाव आपण मिरवतो, ते बहुधा आपल्या पूर्वजांनी सोडलेले गाव असते. आपल्या तेलुगू शेजाऱ्यांकडेही गावावरून पडलेली घराण्यांची नावे विपुल आहेत, फक्त ती व्यक्तिनामाच्या आधी येतात. हैदराबाद राज्याचे १९५२ ते १९५६ या काळातील मुख्यमंत्री बुर्गुल रामकृष्णराव यांच्या नावातील ‘बुर्गुल’ हे गावच आहे.

निंबाळकर हे आडनाव फलटणजवळच्या निंबळक गावावरून आले. व्युत्पत्तीच्या दृष्टीने त्याचे रूप ‘निंबळककर’ असे व्हावयास हवे होते. दोन ककार एकापाठोपाठ आले की बोलणाऱ्याची जीभ त्यातला एक गिळते, आणि उरलेल्या शब्दाचा तोल सावरण्यासाठी मधला स्वर दीर्घ होतो. निंबाळकर हे रूप असे सिद्ध झाले असावे, असे माझे मत आहे. घराण्याची परंपरा मात्र गावाच्याही मागे जाते. मूळ कूळ पवारांचे, म्हणजे धारच्या परमारांचे. गॅझेटियरकारांनी नोंदलेल्या कथेप्रमाणे या कुळातील पोडखला जगदेव नावाचा पुरुष दिल्लीच्या सुलतानाच्या चाकरीत १३२७ मध्ये लढाईत पडला, आणि त्याचा मुलगा निंबराज याला ‘नाईक’ हा किताब व जहागीर मिळाली. यात निंबराज हे नाव येताच अभ्यासकाने सावध व्हावे. गावामुळे पुरुषाचे नाव पडले, की पुरुषामुळे गावाचे? निंब म्हणजे कडुनिंब. निंबगाव, निंबोरे, लिंब अशी गावे महाराष्ट्रात जागोजाग आहेत, आणि त्या प्रत्येकाला एखादा निंबराज शोधण्याचे कारण नाही. झाडांवरून गावांची नावे पडतात हा सामान्य नियम आहे. मूळ पुरुषाचे नाव गावाशी जुळवून घेण्याची हौस वंशावळ लिहिणाऱ्यांना असते, हाही जवळजवळ नियमच.

धारशी असलेला संबंध मी नाकारत नाही. परंतु मध्ययुगात दख्खनमधील जी घराणी सत्तेला पोचली, त्यांतील अनेकांनी उत्तरेतील क्षत्रिय कुळाशी आपले नाते सांगितले आहे. ते नाते खरे असो वा नसो, ते सांगण्याची गरज का भासली हा प्रश्न इतिहासाच्या दृष्टीने अधिक मोलाचा आहे. जहागिरी वंशाच्या आधारावर मागितल्या जात, आणि विवाहसंबंध वंशाच्या आधारावर जुळत. अशा व्यवहारात वंशावळ हा एक दस्तऐवजच होता. दस्तऐवज हवा असला की लिहून देणारे मिळतातच.

आता भूगोलाकडे वळू. फलटणचा मुलूख नीरा नदीच्या काठचा. निजामशाही आणि आदिलशाही यांची हद्द याच पट्ट्यातून कधी पुढे, कधी मागे सरकत असे. अशा मुलखात राहणाऱ्या वतनदाराला दोन दरबारांकडे तोंड करून उभे राहावे लागते. फलटणचा वणंगपाळ नाईक याची ख्याती ‘बारा वजिरांचा काळ’ अशी होती. त्याचा अर्थ, तो कोणाही एका वजिराचा पुरता अंकित नव्हता. याच घराण्यातील दीपाबाई ही मालोजीराजे भोसल्यांची पत्नी, शहाजीराजांची माता. पुढे १६४० मध्ये याच घराण्यातील मुधोजी नाईकांची कन्या सईबाई ही शिवाजी महाराजांची पत्नी झाली आणि १६५७ मध्ये तिच्या पोटी संभाजीराजे जन्मले. म्हणजे स्वराज्य स्थापणाऱ्या घराण्यातील दोन पिढ्यांच्या माता निंबाळकरांच्या लेकी. त्याच काळात सईबाईचा भाऊ बजाजी विजापूरच्या आदिलशहाच्या चाकरीत होता. या बजाजीचा मुलगा महादजी, आणि त्याला महाराजांनी आपली मुलगी सखुबाई दिली. मेहुणा विजापूरचा चाकर, आणि त्याचाच मुलगा आपला जावई! आजच्या दृष्टीला हे कोडे वाटेल. त्या काळी सीमेवर राहणाऱ्या घराण्यांना यात कोडे नव्हते. राजा बदलला तर चाकरी बदलते, वतन आणि सोयरीक मात्र कायम राहते, हा तेथला व्यवहार होता.

निंबाळकर हैदराबादला आले ते अठराव्या शतकाच्या आरंभी झालेल्या एका मोठ्या उलथापालथीमुळे. औरंगजेबाच्या मृत्यूनंतर १७०७ मध्ये शाहू महाराज सुटून आले. ताराबाईंचा पक्ष आणि शाहूंचा पक्ष अशी मराठ्यांची दुफळी झाली. १७११ मध्ये सेनापती धनाजी जाधवांचा मुलगा चंद्रसेन याचे बाळाजी विश्वनाथाशी बिनसले आणि त्याने शाहूंची बाजू सोडली. निजामुल्मुल्क १७१३ मध्ये दख्खनचा सुभेदार होऊन आला, तेव्हा असे रुसलेले मराठे सरदार त्याला आयतेच मिळाले. चंद्रसेनाला भालकीची जहागीर मिळाली. त्याच्या बरोबरीने निजामाकडे गेलेल्यांत रंभाजी निंबाळकर हा प्रमुख. काही काळ पुणे परगण्याचा कारभारही या रंभाजीकडे होता. त्याला ‘राव रंभा’ हा किताब मिळाला, आणि करमाळा हे त्याचे ठाणे झाले. पुढे शाहूंचे सरलष्कर असलेल्या हैबतराव निंबाळकरांच्या शाखेतील सुलतानजी हाही निजामाच्या बाजूला गेला आणि खर्डे येथे स्थिरावला.

करमाळ्याला आपण गेला असाल तर कमलाभवानीचे मंदिर पाहिले असेल. राव रंभा निंबाळकराने १७२७ मध्ये ते उभारले. तुळजाभवानीचा हा भक्त देवीला आपल्या ठाण्यात घेऊन आला. मंदिराच्या वेशींवरची गोपुरे दाक्षिणात्य धर्तीची आहेत, आणि छप्पन्न नव्हे तर शहाण्णव हा तेथला लाडका आकडा आहे. खांब शहाण्णव, विहिरीच्या पायऱ्या शहाण्णव. शहाण्णव कुळींचा अभिमान दगडात कोरावा तसा. निजामाचा मनसबदार भवानीचे मंदिर बांधतो, त्याला द्रविड गोपुरे चढवतो, आणि त्यातच आपल्या मराठा कुळीचा आकडा मोजून ठेवतो. सीमेवरच्या माणसाचे मन कसे असते, हे समजून घेण्यास इतका बोलका दुसरा पुरावा मला ठाऊक नाही. करमाळ्याचा किल्लाही याच पितापुत्रांचा. बापाने काम सुरू केले आणि मुलगा जानोजी याने ते पुरे केले.

येथे एका शब्दाचा विचार केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. तो शब्द ‘फितूर’. मराठी इतिहासलेखनात चंद्रसेन, राव रंभा, सुलतानजी या मंडळींना हा शब्द सर्रास चिकटतो. लहानपणी आम्ही शाळेत हेच शिकलो. पुण्याच्या बाजूने पाहिले तर तो शब्द समजण्यासारखा आहे. पेशव्यांच्या दप्तरातून इतिहास लिहिला, की पेशव्यांचा शत्रू तो राष्ट्राचा शत्रू होतो. परंतु आपण हैदराबादकरांनी तो शब्द जसाच्या तसा का उचलावा? मुळात १७११ मध्ये शाहूंचा पक्ष म्हणजेच मराठी राज्य, हे ठरलेले नव्हते. कोल्हापूरची गादीही स्वतःला तेवढीच वैध समजत होती, आणि स्वतः शाहू महाराजही मोगल बादशाहीची नाममात्र का होईना अधिसत्ता मानीत होते. चौथाई व सरदेशमुखीच्या सनदा १७१९ मध्ये दिल्लीहूनच आणल्या गेल्या. अशा वेळी बादशाही सुभेदाराची चाकरी पत्करणारा सरदार नेमका कोणाशी बेइमान झाला?

दुसऱ्या बाजूने, या घराण्यांचे उदात्तीकरण करावे असेही मला वाटत नाही. हद्दीवरच्या सरदाराने बाजू बदलली की त्याची किंमत त्याच्या परगण्यातील रयत मोजत असे. एकाच वर्षात निजामाचा अंमलदार सारा मागतो आणि मराठ्यांचा कमाविसदार चौथाई मागतो. शेतकऱ्याने द्यावयाचे ते दोघांनाही. मराठवाड्यात ‘दुअमली’ हा शब्द जुनी माणसे ज्या सुरात उच्चारीत, त्यात या दुहेरी वसुलीची आठवण होती. सरदारांच्या वंशावळी जपल्या गेल्या, गाव सोडून परागंदा झालेल्या कुणब्यांच्या नाहीत. त्यांच्यापैकी अनेकांनी नव्या गावी जाऊन जुन्या गावाचे आडनाव लावले असेल, आणि तीच त्यांची बखर.

आता खर्ड्याकडे येऊ. आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, जामखेड तालुक्यात हे गाव आहे. तेथील भुईकोट सुलतानजी निंबाळकराने १७४३ च्या सुमारास बांधला. गावात त्याची गढीही होती. ११ मार्च १७९५ रोजी या परिसरात मराठे आणि निजाम यांची प्रसिद्ध लढाई झाली. मराठ्यांच्या बाजूने परशुरामभाऊ पटवर्धन सेनानायक, पाठीशी नाना फडणीस. निजामाकडे फ्रेंच सेनानी रेमाँ याची कवायती पलटणे. संध्याकाळी निजामअलीखानाच्या फौजेचा धीर सुटला आणि तो रातोरात खर्ड्याच्या कोटात शिरला. कोट लहान, माणसे आणि जनावरे अमाप, पाणी अपुरे. दोन दिवसांत निजामाला तहाची बोलणी लावावी लागली. मुलूख गेला, खंडणी गेली आणि दिवाण मुशीरुल्मुल्क ओलीस म्हणून पुण्याला गेला. एका मराठा सरदाराने निजामाच्या चाकरीत असताना बांधलेल्या कोटात निजाम मराठ्यांच्या वेढ्यात सापडला, ही इतिहासाची थट्टाच म्हणावी. पेशव्यांच्या कारभाऱ्यांना या विजयाचे सुख फार दिवस लाभले नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरात सवाई माधवराव गेले आणि पुण्याच्या दरबाराची घडी विसकटली.

निजामाच्या त्या छावणीत इंग्रजांचा वकील म्हणून विल्यम किर्कपॅट्रिक हजर होता. इंग्रजांनी या युद्धात तटस्थ राहण्याचे ठरवले होते, त्यामुळे तो फक्त साक्षी होता. फारसीचा हा जाणकार पुढे नेपाळचे वर्णन आणि टिपूच्या पत्रांचे भाषांतर या ग्रंथांमुळे (दोन्ही १८११) ओळखला गेला. १७९७ मध्ये त्याची प्रकृती ढासळली आणि हैदराबादची वकिली त्याचा सावत्र भाऊ जेम्स अकिलिस याच्याकडे आली. हाच आपल्या कोठीच्या रेसिडेन्सीचा निर्माता, हशमत जंग.

किर्कपॅट्रिक या आडनावाची फोड आपल्या निंबाळकरासारखीच करता येते. ‘कर्क’ म्हणजे स्कॉट लोकांच्या बोलीत चर्च. संत पॅट्रिकचे चर्च ते कर्क-पॅट्रिक. स्कॉटलंडच्या दक्षिणेस, इंग्लंडच्या सरहद्दीपासून फार दूर नसलेल्या डम्फ्रीस परगण्यात क्लोजबर्न येथे या घराण्याचे ठाणे होते. त्यांच्याकडेही एक निंबराज आहेच. १३०६ मध्ये रॉबर्ट ब्रूसने डम्फ्रीसच्या मठात आपला प्रतिस्पर्धी कॉमिन याच्यावर वार केला आणि ‘तो मेला की नाही याची खात्री नाही’ असे म्हणत तो बाहेर आला, तेव्हा रॉजर किर्कपॅट्रिक ‘मी खात्री करतो’ म्हणून आत गेला, अशी आख्यायिका आहे. घराण्याचे बोधवाक्य त्यावरूनच आले. खुनाच्या आठवणीचे बोधवाक्य करणारी मंडळी सीमेवरचीच असणार!

स्कॉटलंड आणि इंग्लंड यांच्या सरहद्दीवर आर्मस्ट्राँग, इलियट, ग्रॅहॅम, निक्सन अशी घराणी सोळाव्या शतकात नांदत होती. दोन्ही राज्यांत सोयरिकी, दोन्ही राज्यांत लूट. विशेष म्हणजे तेथे घराण्यांच्या टोळीला ‘आडनाव’ याच शब्दाने ओळखत. अमुक आडनाव चालून आले, असे म्हणत. स्कॉटलंडच्या राजाने जॉनी आर्मस्ट्राँगला १५३० मध्ये फासावर चढवले, पण तो आर्मस्ट्राँगांचा शेवट नव्हता. शेवट झाला १६०३ मध्ये, जेव्हा दोन्ही देशांना एकच राजा मिळाला. सीमाच उरली नाही, तेव्हा सीमेवरच्या माणसांचा उपयोगही उरला नाही. नव्या राजाने सरहद्दीच्या मुलखाला ‘मधले परगणे’ असे सौम्य नाव दिले, काहींना फाशी दिली आणि ग्रॅहॅमांना जहाजात घालून आयर्लंडला पाठवले. पुढच्या दोन शतकांत ही आडनावे आयर्लंडमधून अमेरिकेत गेली. चंद्रावर पहिले पाऊल टाकणारा नील आर्मस्ट्राँग मार्च १९७२ मध्ये स्कॉटलंडच्या सरहद्दीवरच्या लँगहोम या गावी गेला. गावाने त्याचे नागरी स्वागत केले. ज्या घराण्याला पूर्वी राजाने निर्मूलन करण्याजोगे ठरवले होते, त्या घराण्याच्या आडनावाचे हे स्वागत होते.

आपल्या किर्कपॅट्रिकांचा मार्गही असाच वळणावळणाचा. हशमत जंगाचा आजोबा हा वैद्य. तो अमेरिकेतील दक्षिण कॅरोलायनात चार्ल्सटन येथे गेला. १७३८ च्या देवीच्या साथीत तेथे देवी टोचण्याच्या पद्धतीचा त्याने पुरस्कार केला. तेव्हा तो आपले आडनाव ‘किलपॅट्रिक’ असे लिहीत असे. लंडनला परतल्यावर त्याने ते ‘किर्कपॅट्रिक’ केले. ‘किल’ हा शब्द गेलिक भाषेतला, आणि त्याचाही अर्थ चर्चच. म्हणजे त्याने आडनाव बदलले नाही, त्याचे भाषांतर केले! असे करून क्लोजबर्नच्या प्रतिष्ठित सरदारांशी आपले नाते अधिक ठळक करण्याचा त्याचा हेतू असावा. निंबळकच्या नाईकांनी धारकडे पाहिले, तसे या वैद्याने क्लोजबर्नकडे पाहिले. त्याचा मुलगा कॅरोलायनात जन्मला आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत कर्नल झाला. नातू जेम्स अकिलिस १७६४ मध्ये मद्रासला जन्मला. दरम्यान १७८३ मध्ये मूळ घराण्याने क्लोजबर्नची जमीन विकून टाकली. आडनाव जगभर पसरत होते, त्याच वेळी त्याचे गाव हातातून गेले.

याच कुळाचे नाते सांगणारा दुसरा एक विल्यम किर्कपॅट्रिक स्पेनमधील मालागा येथे दारूचा व्यापारी होता. त्याची मुलगी मारिया मानुएला हिचा स्पेनच्या एका सरदारपुत्राशी विवाह ठरला, तेव्हा राजाने कुलीनतेचा दाखला मागितला. स्कॉटलंडमधून वंशावळ तयार होऊन आली आणि लग्न झाले. त्या दांपत्याची मुलगी युजेनी १८५३ मध्ये तिसऱ्या नेपोलियनशी विवाह करून फ्रान्सची सम्राज्ञी झाली. दस्तऐवज हवा असला की लिहून देणारे मिळतात, असे मी मघाशी म्हणालो, ते केवळ आपल्या भाटांना उद्देशून नव्हते.

हशमत जंगाने येथील अमीर घराण्यातील खैरुन्निसा बेगम हिच्याशी लग्न केले. या कथेवर अलीकडे इतके लिहिले गेले आहे की मी ती विस्ताराने सांगत नाही. मला त्यातील नावांपुरतेच बोलावयाचे आहे. त्यांना दोन मुले झाली, साहेब आलम आणि साहेब बेगम. १८०५ मध्ये ही चिमुकली मुले इंग्लंडला पाठवण्यात आली. त्याच वर्षी ऑक्टोबरात बाप कलकत्त्यास वारला. इंग्लंडमध्ये मुलांचा बाप्तिस्मा झाला आणि ती विल्यम जॉर्ज आणि कॅथरिन अरोरा किर्कपॅट्रिक झाली. आईने दिलेली नावे गेली, बापाचे आडनाव तेवढे राहिले. मुलीला सगळे किटी म्हणत. तरुण टॉमस कार्लाइल १८२४ मध्ये तिला भेटला आणि तिच्या रूपाने भारावला. ‘सार्टर रिसार्टस’ या त्याच्या ग्रंथातील नायिका तिच्यावरून रेखाटली, असे अभ्यासक मानतात. हा कार्लाइलही डम्फ्रीस परगण्यातलाच. किर्कपॅट्रिकांच्या मूळ गावापासून काही कोसांवर जन्मलेल्या माणसाला त्या आडनावाची मुलगी भेटली, ती हैदराबादला जन्मलेली! १८४० च्या दशकात हैदराबादच्या आजीशी तिचा पुन्हा पत्रव्यवहार सुरू झाला. आजी पत्र फारसीत सांगे, नातीचे उत्तर इंग्रजीत येई, आणि मधे दुभाषा असे. आपल्या घरांतूनही आता आजी आणि नात यांच्यामध्ये असा दुभाषा लागू लागला आहे, हे जाता जाता नमूद करतो.

हैदराबादेत किर्कपॅट्रिक हे आडनाव टिकले नाही, वास्तू टिकली. रेसिडेन्सीत १९४९ पासून मुलींचे महाविद्यालय आहे, आणि आता त्याचे महिला विद्यापीठ झाले आहे. आपल्याशी तिचा संबंध तिच्या कुंपणाबाहेरच्या वस्तीतून येतो. रेसिडेन्सी बाजार म्हणजेच आजचा सुलतान बाजार. १९३३ पर्यंत या बाजारांवर निजामाचा नव्हे, इंग्रज रेसिडेंटचा अंमल होता. संस्थानात सभाबंदी असताना येथे सभा होत, वाचनालये चालत. मराठी माणूस याच पट्ट्यात गौळीगुड्यापासून काचीगुड्यापर्यंत दाटीने वसला, त्याचे एक कारण हेही होते. शहराच्या पोटात एक सीमा होती आणि आपले पूर्वज तिच्या आडोशाला राहिले.

राव रंभांच्या वंशजांचे काय झाले? त्यांच्या बाबतीत घडले ते किर्कपॅट्रिकांच्या उलट. घराणे टिकले, पण दरबारात आडनाव मागे पडले. ‘राव रंभा’ हा किताबच वंशपरंपरेने चालू लागला, आणि हैदराबादच्या अमीर-उमरावांत ते याच नावाने ओळखले जाऊ लागले. या शहरात हे अनेकांचे झाले. पहिल्या आसफजाहाबरोबर आलेल्या देशस्थ घराण्याला ‘रायरायान’ हा किताब मिळाला आणि पुढे तेच आडनाव झाले. ‘दफ्तर-ए-दिवानी’ त्यांच्याकडे होते. ‘दफ्तर-ए-माल’ सांभाळणारे कायस्थ घराणे ‘मालवाला’ झाले. खेड्यातून आलेल्या माणसाचे आडनाव गाव सांगते, दरबारात मुरलेल्याचे आडनाव हुद्दा सांगते. विसाव्या शतकात तिसरा प्रकार आला. केशवराव कोरटकरांचे चिरंजीव विनायकराव गुरुकुल कांगडीची पदवी घेऊन आले आणि कोरटकर न म्हणवता विद्यालंकार म्हणवू लागले. एकाच घरात गाव जाऊन विद्या आली. मला स्वतःला हा बदल फारसा रुचलेला नाही, हे मोकळेपणाने सांगतो. विद्या तर विनायकरावांकडे होतीच. त्यासाठी कोरटकर हे नाव सोडण्याची गरज नव्हती.

आणि मग १ नोव्हेंबर १९५६ हा दिवस आला. हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे जिल्हे मुंबई राज्यात गेले. बीदर, गुलबर्गा, रायचूर म्हैसूरकडे गेले. तेलंगण आंध्रात गेले. ज्या मराठी कुटुंबांनी हैदराबादेत राहण्याचे ठरवले, त्यांनी एक पाऊलही उचलले नव्हते. तरी ती परप्रांतात गेली. निंबाळकर सीमेवर राहिले आणि बाजू बदलत गेले. आपण बाजू बदलली नाही, सीमाच आपल्या अंगावरून सरकून गेली. ‘तुम्ही मूळचे कुठले?’ या प्रश्नाला आमच्या वडिलांनी कधी उत्तर शोधले नाही, कारण तो प्रश्नच त्यांना कोणी विचारला नव्हता. आमच्या मुलांना तो शाळेत, कचेरीत, लग्नाच्या बैठकीत विचारला जातो. पुण्यात गेल्यावर त्यांना ‘तुम्ही तेलंगी का?’ असे विचारतात, आणि येथे ‘तुम्ही महाराष्ट्राचे का?’ असे. कोणी कोणत्याही हेतूने विचारो, दोन्ही प्रश्नांना आडनावाने उत्तर देता येत नाही. आडनाव फक्त सोडलेल्या गावाचे नाव सांगते, आणि तीनशे वर्षांपूर्वी आलेल्या निंबाळकराला किंवा रायरायानाला या शहरात परके ठरवायचे, तर या शहराचा पाया घालणाऱ्यांनाही परके ठरवावे लागेल. गोवळकोंड्याच्या कुत्बशाही घराण्याचा मूळ पुरुष इराणी मुलखातून आला होता.

व्याख्यान संपवण्यापूर्वी माजी विद्यार्थ्यांना एक विनंती आहे. प्रत्येक शाळेत प्रवेशाची जाडजूड नोंदवही असते. आपल्या शाळेतील अशा जुन्या वह्या म्हणजे या शहरातील मराठी वस्तीचे एक दप्तरच आहे. पूर्वी त्या मोडी वळणाच्या हाताने लिहिल्या जात, आणि कागद आता ठिसूळ झाला आहे. त्यांतील आडनावांची यादी आणि प्रत्येक आडनावाचे गाव, एवढे जरी कोणी नीट उतरवून काढले, तरी मोठे काम होईल. निलंगेकर, परांडेकर, औसेकर, धारूरकर ही नावे आज महाराष्ट्रात आहेत, भालकीकरांचे गाव कर्नाटकात आहे, आणि ही सर्व मुले हैदराबादच्या एका वर्गात एका बाकावर बसत होती. यादी करताना गावापाशी थांबू नये. घरातील वृद्धांना कुलदैवत कोणते, जावळ कोठे काढतात, आणि गाव सोडले ते दुष्काळाने, नोकरीसाठी की भाऊबंदकीने, हेही विचारून लिहावे. घरोघरी हे सांगू शकणारी माणसे आता थोडी उरली आहेत. पुढील उन्हाळी सुटीत हे काम सुरू करता येईल, आणि जुन्या अक्षराचे वाचन करून देण्यास मी येईन.